परगोल्यावर गुलाब चढवायचाय? फूल नंतर बघा, आधी फांदी बघा

प्रश्न थोडक्यात असा होता. लाकडी परगोला (खांबांवर पट्ट्यांचं उघडं छप्पर असलेला मांडव) आहे, १० बाय १२ फुटांचा, ८ फूट उंच, चार खांब, खाली बसायला बाक. त्यावर वेली गुलाब चढवायचेत, फुलं जमलं तर वर्षभर हवीत आणि थोडी सावलीपण. फोटो बघून चार जाती ठरवल्यात, पिअर द रोन्सार, डॉन हुआन, न्यू डॉन आणि किफ्ट्सगेट, प्रत्येक खांबाला एक, आणि त्यातलं किफ्ट्सगेटचं रोप तर घरी येऊन पडलंय सुद्धा. निवड बरोबर आहे का?

सरळ सांगतो, रागावू नका. चारही गुलाब आपापल्या जागी उत्तम आहेत, पण चौघांना त्या एका मांडवावर आणणं म्हणजे चार वेगळ्या चालीचे बैल एकाच जुवाला जुंपणं. एक जण दोन वर्षांत सगळं गिळून टाकेल, एक जण खांबाच्या वर जाणारच नाही, आणि उरलेले दोघं मधल्यामध्ये भांडत बसतील.

मी वीसेक वर्षं गुलाबांचंच काम करतोय, लोकांच्या बागांमधे लावून देणं, वळवणं, छाटणी, सगळं, आणि परगोल्याच्या बाबतीत बहुतेक घोळ एकाच ठिकाणी सुरू होतो, लोक फुलाचा फोटो बघून गुलाब निवडतात. कुंडीत लावायचा असेल, फुलदाणीसाठी हवा असेल तर ते चालतं हो. मांडवासाठी आधी फांदी बघायची. किती लांब जाते, किती वाकते, किती टोचते. मग उमललेलं फूल कुठे तोंड करतं ते. रंग सगळ्यात शेवटी.

पहिली गोष्ट म्हणजे गुलाब हा खरा वेल नाहीच. त्याला तणावे नसतात, तो जाईसारखा स्वतःला गुंडाळून घेत नाही, आयव्हीसारखा चिकटतही नाही. रानात तो काय करतो, लांब लांब फांद्या शेजारच्या झुडपांवर टाकतो आणि मागे वळलेल्या काट्यांच्या आकड्यांनी लटकून राहतो. तुमच्या रंधा मारलेल्या गुळगुळीत खांबावर त्या आकड्यांना धरायला काही नाही, म्हणजे चढवायचं आणि बांधायचं काम तुमचं. आणि जे काम तुम्हाला दरवर्षी शिडीवर चढून करायचंय त्यात फांदी वाकते की काडकन मोडते याला फुलाच्या रंगापेक्षा जास्त किंमत आहे.

आता वेली गुलाब म्हणून जे काही विकलं जातं त्यात ढोबळमानाने दोन जमाती आहेत, क्लाइंबर आणि रॅम्बलर. क्लाइंबर म्हणजे जाड, ताठ फांद्या, फुलं मोठी, आणि बहुतेक जाती पुन्हा पुन्हा फुलतात. रॅम्बलर म्हणजे लांबलचक, लवचिक, छडीसारख्या फांद्या, फुलं छोटी पण घोसांनी, आणि बऱ्याच जाती वर्षातून एकदाच फुलतात, पण फुलतात तेव्हा पान दिसत नाही इतक्या. यातल्या पुष्कळ रॅम्बलरांच्या रक्तात रोझा मल्टिफ्लोरा नाहीतर रोझा विचुरायाना या जंगली जाती आहेत. विचुरायाना तर जमिनीवर सरपटणारी, चकचकीत पानांची जात, म्हणून तिच्या पोरांच्या फांद्या वाकवायला सोप्या.

यात एक तिसरा प्रकार घुसतो आणि लोक तिथे फसतात. नेहमीच्या झुडपी गुलाबाला कधीतरी आपोआप एखादी लांब जाणारी फांदी फुटते, तिच्यावरचे डोळे भरून जी कलमं करतात ती जात 'क्लाइंबिंग' अमुक म्हणून विकली जाते, म्हणजे क्लाइंबिंग पीस वगैरे. यांचं फूल ओळखीचं आणि भारी असतं म्हणून उचललं जातं, पण फांदी बहुतेकांची लोखंडी सळईसारखी. भिंतीला तार ओढून पंख्यासारखं पसरवायला ठीक आहेत, मांडवाच्या काटकोनातून वळवताना जीव खातात. शिवाय लावल्या लावल्या जोरात छाटलं तर कधीकधी परत झुडपाच्या वळणावर जातात. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

आता साधं गणित करू. परगोला ८ फूट उंच. रुंदी १० फूट, म्हणजे मध्यापर्यंत ५. खांबाच्या बुडापासून मध्यापर्यंत फांदी पोचायला १३ फूट पाहिजे, आणि खांबाला पिळा देत नेली (द्यावाच लागतो, का ते सांगतो) तर आणखी दोन तीन फूट धरा. म्हणजे तुम्हाला १५ फुटांच्या आसपास जाणारी जात हवी. लेबलवर ८ ते १० फूट लिहिलेला गुलाब खांब चढेल आणि संपेल. आणि ३० फूट लिहिलेला गुलाब आणलात तर तुम्ही आयुष्यभर कात्री घेऊन त्याच्या मागे. छाटून लहान ठेवू असं म्हणतात लोक, पण जोमदार जातीला जितकं छाटाल तितकी ती चवताळून फुटवे काढते आणि फुलं कमी होतात ते वेगळंच. एक लक्षात ठेवा, लेबलवरचे आकडे कुठल्या हवेतले आहेत ते बघायचं. थंड देशात १० फूट जाणारा क्लाइंबर जिथे हिवाळा सौम्य आणि वाढीचा काळ मोठा असतो तिथे आरामात १५ फूट जातो.

या हिशोबाने डॉन हुआन बाद. १९५८ चा गुलाब आहे, गडद मखमली लाल, वास असा की थांबून घ्यावा, मला स्वतःला फार आवडतो. पण ८ ते १० फूट, आणि ताठ. (नावात डॉन दोघांच्या आहे पण न्यू डॉनशी याचं काही जमत नाही, तो डॉन म्हणजे पहाट.) शिवाय गडद लाल रंगाचं परगोल्यावर एक दुखणं असतं जे फोटोत कळत नाही. तुम्ही खाली बसून वर बघता, मागे उजळ आकाश असतं, आणि गडद फूल नुसतं काळं ठिपक्यासारखं दिसतं. फिकट गुलाबी, पांढरा, जर्दाळू रंग यांच्या पाकळ्यांमधून उजेड झिरपतो, ती फुलं खालून पेटल्यासारखी दिसतात. डॉन हुआन वेगळ्या एका खांबावर, डोळ्याच्या उंचीला, दाराजवळ लावा, तिथे तो राजा.

आता पिळा का द्यायचा ते. गुलाबाची फांदी सरळ उभी वाढली की शेंड्याचा डोळा खाली एक संप्रेरक सोडत राहतो, ऑक्झिन, त्यामुळे खालचे डोळे झोपून राहतात आणि सगळी ताकद टोकाला. परिणाम म्हणजे खाली ८ फूट काटेरी नागडे दांडे आणि फुलं सगळी छपरावर, जी तुमच्या पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला दिसतात, तुम्हाला नाही. फांदी आडवी किंवा तिरपी केली की शेंड्याची दादागिरी मोडते, प्रत्येक डोळ्यातून आखूड फुटवा येतो आणि त्या प्रत्येक फुटव्याच्या टोकाला फूल. म्हणून खांबावर फांदी सरळ न चढवता जिन्यासारखी गोल गोल न्यायची आणि छपरावर पोचली की आडवी पसरायची. यासाठीच वाकणारी फांदी हवी म्हणतोय मी मगापासून. ताठ फांद्यांचा पिळा होत नाही, त्या मोडतात, आणि मोडतात त्या पण बुडाशी, म्हणजे वर्षाची मेहनत गेली.

यानंतरचा मुद्दा कॅटलॉगवाले कधी सांगत नाहीत, किंवा दोष म्हणून सांगतात. मान टाकणारी फुलं. प्रदर्शनात फुलाची मान ताठ पाहिजे, वाकली की मार्क कमी. परगोल्यावर नेमकं उलटं. फूल खाली बघायला हवं कारण तुम्ही खाली आहात. पिअर द रोन्सार, ज्याला काही ठिकाणी इडन म्हणतात, मेयां या फ्रेंच घराण्याचा १९८५ चा, त्याची फुलं इतकी गच्च भरलेली असतात की वजनानेच झुकतात. खालून बघायला अप्रतिम. पण फांदी मध्यम ताठ आहे, साधारण १० ते १२ फूट, वास अगदी हलका, आणि ज्या हवेत फुलायच्या वेळेला पाऊस लागून राहतो तिथे कळ्या भिजून बाहेरच्या पाकळ्या चिकटतात, कळी उघडतच नाही, तपकिरी गोळा होऊन तशीच लटकत राहते. कोरड्या हवेत असाल तर जरूर लावा, कोवळ्या वयात वाकवायला शिका म्हणजे झालं.

त्याच्याच जोडीचा मुद्दा, फूल संपल्यावर काय करतं. काही जातींच्या पाकळ्या आपोआप गळून पडतात, खाली सडा पडतो, झाडून घ्यावा लागतो पण बरा दिसतो. काही जातींची फुलं झाडावरच वाळून चोथा होतात, आणि ती तोडायला तुम्ही ८ फुटांवर चढणार का रोज? पहिल्या वर्षी चढाल. नंतर नाही. म्हणून स्वतःच पाकळ्या टाकणारी जात घ्या, आणि पावसाळी हवा असेल तर फार भरगच्च फुलं टाळा, अर्धी भरलेली किंवा एकेरी घ्या.

काट्यांबद्दल. (वनस्पतिशास्त्रात गुलाबाचा काटा हा खरा काटा नाहीच म्हणे, बोगनवेलीचा काटा म्हणजे बदललेली फांदी असते आणि आतून येतो, गुलाबाचा नुसता सालीवरचा वाढावा, म्हणून बाजूने दाबला की सहज निघतो. बोटात घुसल्यावर या ज्ञानाचा काही उपयोग होत नाही.) जिथून माणसं ये-जा करतात त्या बाजूच्या खांबांना, आणि लहान मुलं असतील तर सगळीकडेच, बिनकाट्याच्या किंवा कमी काट्यांच्या जाती बघा. परगोल्यावरून सुटलेली फांदी वाऱ्यावर झोके घेते आणि ती बरोब्बर डोळ्याच्या पातळीला असते. मर्मेड नावाचा १९१८ चा एकेरी पिवळा गुलाब आहे, देखणा, निरोगी, फुलतोही खूप, पण त्याचे आकडे वाघनखासारखे. तो मी एका बाकाच्या वर लावायची चूक एकदा केली होती, दोन वर्षांनी त्या घरच्यांनीच मुळापासून काढायला लावला आणि माझं काही म्हणणं नव्हतं.

मग लावायचं काय. तुम्ही हवा कशी आहे ते लिहिलेलं नाही, म्हणून दोन तीन वाटा सांगतो.

तुमच्या यादीतला न्यू डॉन कुठेही आधी विचारात घ्यावा असा आहे. याची कथा मजेशीर आहे. डॉक्टर डब्ल्यू व्हॅन फ्लीट नावाचा १९१० चा रॅम्बलर वळणाचा गुलाब होता, विचुरायानाच्या रक्ताचा, वर्षातून एकदाच फुलणारा. त्याच्या एका झाडाने अचानक पुन्हा पुन्हा फुलायला सुरुवात केली, त्याची कलमं न्यू डॉन म्हणून १९३० ला बाजारात आली, आणि १९३१ मधे अमेरिकेतलं वनस्पतीवरचं पहिलंवहिलं पेटंट, प्लांट पेटंट क्रमांक १, या गुलाबाला मिळालं, ते पण याच वारंवार फुलण्याच्या गुणासाठी. म्हणजे तुम्हाला फांदी मिळते रॅम्बलरची लवचिक, १५ ते २० फूट, आणि बहर मिळतात क्लाइंबरसारखे. रंग फिकट मोतिया गुलाबी, वास मंद, पान चकचकीत आणि बऱ्यापैकी निरोगी. काटे मात्र भरपूर आणि टोकदार. त्यामुळे मागच्या खांबाला, वाटेच्या बाजूला नको.

उष्ण हवा असेल, हिवाळ्यात बर्फ बिर्फ पडत नसेल तर नुआझेत नावाचा जुना गट आहे, तो परगोल्यासाठीच जन्माला आला असं मला वाटतं. फांद्या लांब, फुलं घोसात आणि झुकलेली, आणि थंडी जास्त पडली नाही तर वर्षातले बरेच महिने काही ना काही फूल असतंच. त्यातला क्रेप्युस्क्यूल, १९०४ चा, जर्दाळू सोनेरी, काटे जवळजवळ नाहीतच, १२ ते १५ फूट. मला एकच गुलाब निवडायला सांगितला तर उष्ण हवेत मी हाच निवडेन. मादाम आल्फ्रेद कॅरिएर, १८७९ चा, पांढऱ्यात गुलाबी झाक, वास चांगला, थोडी सावलीही चालवून घेतो आणि त्या गटातल्या इतरांपेक्षा थंडी जास्त सोसतो, १५ ते २० फूट. तुमचा एक खांब सावलीत असेल तर तिथे हा.

मगाशी अपवाद म्हटलं तो क्लाइंबिंग आइसबर्ग. मूळ आइसबर्ग जर्मनीतल्या कॉर्डेस या गुलाबवाल्या घराण्याचा १९५८ चा झुडपी गुलाब, त्याचं हे वेली रूप १९६८ चं. काटे अगदी कमी, फांदी वळते, पांढऱ्या फुलांचे घोस येतच राहतात, पाकळ्या स्वतः गळतात. वास जवळपास नाही. आणि दमट हवेत पानांवर बुरशीचे काळे ठिपके येतात, ते गृहीत धरूनच लावा.

कडाक्याच्या थंडीत, जिथे सगळं महिनोन्‌महिने गोठतं, तिथे नुआझेत मरतात. तिथे कॉर्डेसच्याच रोझा कॉर्डेसी वंशातले बघायचे, जसं डॉर्टमुंड, एकेरी लाल आणि मधे पांढरा डोळा, किंवा कॅनडात मुद्दाम थंडीसाठी तयार केलेल्या एक्सप्लोरर मालिकेतला विल्यम बॅफिन, १९८३ चा, जो तिकडच्या हिवाळ्यात उघड्यावर वरपर्यंत जिवंत राहतो. फूल नाजूक नाही त्याचं, पण दरवर्षी जमिनीपासून नव्याने सुरुवात करण्यापेक्षा ते बरं.

बिनकाट्याचा म्हणून झेफिरीन द्रुआं सगळीकडे सुचवतात, १८६८ चा, गडद गुलाबी, वास जबरदस्त, काटा औषधाला नाही. सगळं खरं. पण भुरी (पानांवर पांढरी भुकटी धरणारी बुरशी) आणि काळे ठिपके दोन्ही त्याच्यावर आधी येतात, आणि पान गळून गेलेला गुलाब डोक्यावर असला की सगळा पसारा बाकावर. कोरडी, वाहती हवा असेल तरच. त्याऐवजी गिलेन द फेलिगोंद बघा, १९१६ चा रॅम्बलर, काटे नगण्य, कळी केशरी आणि उमलून मोतिया, आणि रॅम्बलर असून परत परत फुलतो. १० ते १२ फूट जातो, त्यामुळे पूर्ण छप्पर नाही झाकणार पण पुढच्या बाजूचा एक खांब आणि त्याच्या वरची तुळई सुंदर भरेल.

आणि लेडी बँक्सबद्दल कोणी तरी सांगेलच म्हणून आधीच सांगतो. बिनकाट्याचा, रोग जवळपास नाहीत, पिवळ्या बारीक फुलांचे घोस, वसंतात सगळ्यांच्या आधी. दृष्ट लागेल असं. पण एकदाच फुलतो, जुन्या लाकडावर फुलतो म्हणजे हिवाळ्यात छाटलात की त्या वर्षीचा बहर तुम्हीच कापला, आणि मोठा किती होतो तर अमेरिकेत ॲरिझोनामधल्या टूमस्टोन गावात याच्याच पांढऱ्या भावाचं १८८५ मधे लावलेलं एक झाड आहे, स्कॉटलंडहून आलेलं, जगातला सगळ्यात मोठा गुलाब म्हणून गिनेसमधे नोंद आहे, एका झाडाचा मांडव हजारो चौरस फुटांचा. खाली खांबांचं जंगल उभं केलंय त्यासाठी. तुमचा मांडव १२० चौरस फूट.

एकदा फुलणारे घ्यायचेच नाहीत असं मी म्हणत नाही हं. तीन आठवडे जे दृश्य दिसतं ते पुन्हा पुन्हा फुलणाऱ्याकडून कधीच मिळत नाही. पण तुमचा परगोला छोटा आणि एकच आहे, वर्षभर फुलं ही तुमची अट आहे, मग जागा फुकट घालवू नका. आणि वर्षभर म्हणजे रोज असंही नाही. पुन्हा फुलणारा गुलाब लाटांमधे फुलतो, एक बहर, मग साधारण सहा ते आठ आठवडे तयारी, मग दुसरा, आणि पहिला बहर नेहमी सगळ्यात मोठा.

किती रोपं? चार नकोत. १५ फूट जाणारी दोन रोपं, समोरासमोरच्या कोपऱ्यात तिरपी, एवढ्यात १२० चौरस फूट तिसऱ्या चौथ्या वर्षी झाकून जातं. उरलेल्या दोन खांबांना हवं तर एक छोटा गिलेनसारखा, आणि एकाला क्लेमॅटिस नावाचा फुलवेल, तो पण उशिरा फुलणाऱ्या गटातला, ज्याला हिवाळ्याच्या शेवटी जमिनीलगत कापायचं असतं, म्हणजे गुलाबाची छाटणी आणि त्याची एकाच वेळेला होते आणि गुंता सोडवत बसावं लागत नाही. आणि चार वेगळे रंग एका छोट्या छपरावर एकमेकांत मिसळले की लांबून सगळं खिचडी दिसतं, दोन जवळचे रंग पुरे.

लावताना खांबाला चिकटून लावू नका. खांबाच्या बुडाशी काँक्रीट असतं, तिथे माती कमी, पाणी टिकत नाही, आणि सिमेंटमधून चुना उतरून माती अल्कधर्मी होते, मग पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, लोह मिळत नाही म्हणून. खांबापासून दीड फूट बाहेरच्या बाजूला खड्डा घ्या, दोन बाय दोन फूट आणि तेवढाच खोल, कुजलेलं शेणखत नीट मिसळा, आणि रोप खांबाकडे तिरपं झुकवून लावा. बाहेरच्या बाजूला अशासाठी की ऊन पाऊस तिथे मिळतो, आत लावलेलं रोप दोन वर्षांत स्वतःच्याच सावलीत जातं. दिवसाचं सहा तास ऊन हवं. कलमाची गाठ थंड प्रदेशात जमिनीखाली दोन इंच, गरम प्रदेशात जमिनीच्या वर.

गाठीवरून आठवलं. दरवर्षी कोणीतरी सांगतं की आमच्या गुलाबाने रंग बदलला, पांढरा होता, आता लाल बारीक फुलं येतात. रंग नाही बदलत, खालचा खुंट (ज्या रोपाच्या मुळांवर कलम बांधलेलं असतं तो) फुटून वरच्या जातीला खाऊन टाकतो. अमेरिकेत तर खुंट म्हणून डॉक्टर ह्यूई नावाची जात वापरतात जी स्वतःच गडद लाल क्लाइंबर आहे, त्यामुळे लोकांना खरंच वाटतं की आपलाच गुलाब आहे. एका देठाला सात छोटी पानं म्हणजे खुंट, हा नियम धरू नका, रॅम्बलरांनाही सात असतात. फुटवा गाठीच्या खालून आलाय का ते माती उकरून बघा, आणि कापू नका, मुळाशी धरून ओढून उपटा, कापला की चार येतात.

पहिली दोन वर्षं छाटणी नाही, फक्त मेलेलं आणि तुटलेलं काढा. लांब फांदी पेन्सिलीएवढी जाड झाली, अजून हिरवी आहे, अशा वेळी आदल्या दिवशी भरपूर पाणी देऊन वाकवा. खूप कोवळी असताना वाकवली तर टोक मोडतं, लाकूड झाल्यावर बूड. बांधायला सुतळी किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ, म्हणजे फांदी आणि लाकूड यांच्यामधे जागा राहते. तारेने फांदी कधीच आवळू नका. आणि फांद्या पट्ट्यांच्या मधून ओवू नका, सगळं बाहेरून बांधा. हे मी ऐकलं नव्हतं सुरुवातीला, जाळीतून छान विणून काढल्या होत्या फांद्या, पाच वर्षांनी त्या मनगटाएवढ्या झाल्या आणि जाळीला रंग द्यायची वेळ आली तेव्हा एक तर जाळी कापायची नाहीतर गुलाब. जाळी कापली. तुमचा परगोला लाकडी आहे ते बरंय, लोखंडी पाइपवर कडक उन्हात फांद्या भाजतात, तिथे काथ्या गुंडाळावा लागतो. छपराच्या पट्ट्यांमधे अंतर फूट दीड फुटापेक्षा जास्त असेल तर मधे गॅल्वनाइज्ड तार ओढून घ्या.

तिसऱ्या वर्षापासून, पुन्हा फुलणाऱ्यांना झाड सुस्त असताना छाटायचं, मुख्य फांद्या ठेवायच्या, त्यांच्यावरचे बाजूचे फुटवे दोन तीन डोळ्यांवर आणायचे, आणि दरवर्षी सगळ्यात जुनी एखादी फांदी बुडापासून काढायची म्हणजे खालून नवीन येत राहते. एकदा फुलणाऱ्यांना बहर संपल्या संपल्या.

काळ्या ठिपक्यांचं एवढंच सांगतो की त्या बुरशीला रुजायला पान साधारण सात तास सलग ओलं लागतं, म्हणून पाणी बुडाला द्या, सकाळी द्या, वरून फवारा मारू नका. परगोल्याला चारी बाजूंनी वारा असतो, भिंतीपेक्षा तिथे रोग कमीच राहतात. भुरी मात्र मुळाशी कोरडं पडलं की येते, आणि खांबाजवळ कोरडं पडतंच.

उंचीबद्दल एक, ८ फूट कमी आहे थोडी. झुकलेले घोस फूट दीड फूट खाली येतात, उंच माणसाच्या डोक्याला लागतील. आता वाढवता येत नसेल तर वाटेच्या मधल्या पट्ट्यात फांद्या विरळ ठेवा. आणि खांब हलवून बघा एकदा. पावसात भिजलेला, वारा भरलेला पाच वर्षांचा गुलाब म्हणजे शीड असतं, खांब ४ इंच चौकोनीपेक्षा बारीक असतील किंवा नुसते मातीत रोवलेले असतील तर गुलाब लावायच्या आधी तेवढं पक्कं करून घ्या, नंतर गुलाबासकट दुरुस्ती करणं म्हणजे काय ते मी केलंय, हातमोजे फाटले तीन.

राहिला तो किफ्ट्सगेट. इंग्लंडमधे ग्लॉस्टरशायरला किफ्ट्सगेट कोर्ट म्हणून बाग आहे, तिथल्या रोझा फिलिपेसच्या झाडावरून हे नाव, आणि ते झाड उंच वृक्षांवर चढून बसलंय. ३० फूट सहज जातो, पुढेही जातो. पांढऱ्या एकेरी फुलांचे प्रचंड घोस, वर्षातून एकदा. तुमच्या मांडवावर लावलात तर तिसऱ्या वर्षी मांडव दिसणार नाही. रोप आलंच आहे तर फेकू नका, कुंपणाच्या टोकाला एखादं मोठं, जुनं, दणकट झाड असेल तर त्याच्या बुंध्यापासून चार पाच फूट लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला लावा, म्हणजे वाराच फांद्या झाडावर ढकलेल, आणि एक दोर बांधून फांद्या पहिल्या फाट्यापर्यंत पोचवून द्या, पुढचं तो बघतो. तसं झाड नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला देऊन टाका. आणि तुमच्याकडे हिवाळ्यात किती थंडी पडते आणि परगोल्याच्या कुठल्या बाजूला दुपारचं ऊन येतं एवढं कळवा, म्हणजे कुठल्या कोपऱ्यात कुठला ते नेमकं सांगतो.